अंध माणूस, कुत्रा आणि मशिदीचा दरवाजा

सातवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला म्हणी शिकवताना दरवर्षी एक म्हण येते, ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.’ आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलांची मराठी ही शाळेतली दुसरी भाषा आणि बाजारातली पहिली. ही म्हण ऐकली की मुलं हसतात, मी फळ्यावर अर्थ लिहितो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, कुत्रा तर आंधळ्याला रस्ता दाखवतो ना? मी मोबाइलवर पाहिलंय. मग ही म्हण उलटी का?”

मी म्हटलं, आपल्याकडे तसे कुत्रे नव्हते, म्हणून. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या दिवशी ते मला घरापर्यंत पुरलं नाही. कारण याच विषयावर मी एकदा भलत्याच बाजूला उभा राहिलो होतो.

माझा फूफीचा मुलगा लग्नानंतर विलायतेला गेला. कोकणातल्या आमच्या गावातली अशी बरीच माणसं तिकडे आहेत. तो उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात भाड्याची गाडी चालवतो. रस्त्यावर हात दाखवून थांबवायची टॅक्सी नव्हे, फोन करून बोलावायची. २००५ च्या सुमाराला एका रात्री त्याचा फोन आला. एका बाईंचं भाडं होतं. पत्त्यावर गेला तर दारात बाई उभ्या, डोळ्यांनी अंध, आणि शेजारी कुत्रा. याने काच खाली करून “कुत्रा नाही चालणार” म्हटलं आणि गाडी वळवली. बाईंनी तक्रार केली. प्रकरण कोर्टात गेलं, दंड झाला, परवान्यावर टांगती तलवार आली. “भाई, आता दीनवर चालायचं म्हटलं तरी दंड भरायचा का?” तो जवळजवळ रडत होता.

मी त्याचीच बाजू घेतली. परक्या देशात आपल्या माणसाला नाडलं जातंय, एवढंच मला दिसलं. कायदा काय आहे हे मी विचारलं नाही. दीन काय सांगतो हेही नीट विचारलं नाही. त्याला म्हणालो, “तू एखाद्या उर्दू पेपरला पत्र लिही.” नशीब, त्याने लिहिलं नाही. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी हा सगळा मामला पुन्हा वाचून काढला. हा लेख म्हणजे बराचसा माझ्या त्या जुन्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

अंधांना वाट दाखवणारा कुत्रा जुन्या चित्रांत अधूनमधून दिसतो. पण शिस्तीने शिकवून तयार केलेला कुत्रा ही पहिल्या महायुद्धाची देणगी आहे. विषारी वायू आणि तोफगोळ्यांनी दृष्टी गेलेले हजारो जवान जर्मनीच्या इस्पितळांत पडून होते. गेऱ्हार्ड स्टॅलिंग नावाचे डॉक्टर रणांगणावर जखमींना शोधणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेचं काम पाहत. असं सांगतात की, एका अंध जवानाबरोबर फिरताना त्यांना मध्येच बोलावणं आलं, म्हणून ते आपला कुत्रा त्याच्यापाशी सोडून गेले. परत आले तेव्हा कुत्रा त्या माणसाला सांभाळतोय असं त्यांना दिसलं. गोष्ट किती खरी कोण जाणे. पण १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग या गावी त्यांनी अशा कुत्र्यांची पहिली शाळा काढली, हे पक्कं आहे. पुढे १९२३ मध्ये बर्लिनजवळ पॉट्सडॅमला दुसरी मोठी शाळा निघाली.

ती शाळा डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी पाहिली. त्या स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास आणि तालीम करत. १९२७ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन साप्ताहिकात त्यांनी या शाळेवर लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या विशीतल्या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला, आणि त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिलं, मला असा कुत्रा हवा आहे.

आता हा तरुण युरोपात गेला कसा, ते पाहण्यासारखं आहे. अंध माणूस एकटा समुद्रापार कसा जाणार? म्हणून त्याला एका माल पोचवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात देण्यात आलं. म्हणजे अक्षरशः पार्सल. बोटीवर कंपनीचा माणूस त्याला ठरलेल्या वेळी फिरवून आणायचा आणि पुन्हा खोलीत बंद करायचा. १९२८ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तो ‘बडी’ या कुत्रीचा पट्टा हातात धरून, स्वतःच्या पायांनी. बातमीदारांनी त्याला आव्हान दिलं की, ही समोरची वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. ट्रक, घोडागाड्या, भोंगे यांनी भरलेला तो रस्ता डोळस माणूसही जपून ओलांडायचा. बडीने त्याला पलीकडे नेलं. मग त्याने युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली, ‘यशस्वी’. पुढच्याच वर्षी, १९२९ च्या जानेवारीत, ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, जो माझाही होता. कुत्र्याला रस्ता ठाऊक नसतो. ‘चल, पोस्टात जाऊ’ म्हटलं की तो नेतो, असं काही नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. किती चौक गेले, कुठे वळायचं, हे माणूस सांगतो. कुत्रा खड्डा, खांब, पायरी, पुढून येणारी गाडी पाहतो. त्याला सिग्नलचे रंगही वाचता येत नाहीत. पण त्याच्या तालमीतला सर्वांत कठीण धडा वेगळाच आहे. मालकाने ‘पुढे’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर हुकूम मोडायचा. आज्ञा पाळायला शिकवणं सोपं असतं. कधी मोडायची ते शिकवायला महिनोन्महिने लागतात. (शिक्षक म्हणून मला हे फार पटलं.)

बहिऱ्यांसाठीचे कुत्रे बरेच उशिरा आले, अमेरिकेत १९७० च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून. दाराची घंटा, मुलाचं रडणं, गजराचं घड्याळ ऐकलं की हा कुत्रा मालकाला पंजाने किंवा नाकाने स्पर्श करतो आणि आवाजाकडे नेतो. आगीचा भोंगा वाजला तर मात्र तिकडे नेत नाही, जागीच आडवा होतो. बहिऱ्या माणसाची अडचण वेगळी आहे. अंधाच्या हातात काठी असते, चालीवरून कळतं. बहिरा माणूस दारात उभा राहिला तर तो इतरांसारखाच दिसतो. ‘हा तर धडधाकट, याला कुत्रा कशाला?’ असं म्हणून त्याला अंधापेक्षाही सहज परत पाठवतात, आणि समोरचा काय म्हणतोय तेही त्याला ऐकू येत नाही.

मॉरिस फ्रँकला वेस्ट स्ट्रीटने अडवलं नाही, पण हॉटेलच्या दरवाजाने अडवलं. आगगाडीत कुत्र्याची जागा सामानाच्या डब्यात होती. ज्याने सांभाळायचं तो एका डब्यात आणि ज्याला सांभाळायचं तो दुसऱ्यात. फ्रँक आणि त्याचे सोबती वर्षानुवर्षं कंपन्यांशी भांडले. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी कुत्र्याला मालकाजवळ बसू देण्याचं मान्य केलं. हॉटेलं, दुकानं, भाड्याची घरं यांचा झगडा त्यानंतर राज्याराज्यांत कित्येक वर्षं चालला.

या झगड्याला कायद्याची भाषा ज्यांनी दिली, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जेकोबस टेनब्रोक. लहानपणी बाणाने एक डोळा गेला, पुढे दुसराही. कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले, राज्यघटनेचे अभ्यासक झाले आणि १९४० मध्ये अमेरिकेतल्या अंधांची राष्ट्रीय संघटना त्यांनी उभी केली. १९६६ मध्ये त्यांनी एक मोठा निबंध लिहिला. त्याचा विषय होता अपंग माणसाचा जगात वावरण्याचा हक्क. तोवर कोर्टांचा सूर असा असे की, अंध माणूस रस्त्यावर एकटा आला आणि नगरपालिकेने खणलेल्या खड्ड्यात पडला तर चूक त्याचीच, तो बाहेर आलाच का? टेनब्रोक म्हणाले, तो येणारच, रस्ता त्याचाही आहे, आणि खड्डा खणणाऱ्याने हे गृहीत धरूनच खणावं. याच विचारातून त्यांनी एका नमुना कायद्याचा मसुदा केला, जो पुढे अनेक राज्यांनी उचलला. पांढऱ्या काठीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मसुद्यात कुत्र्याचंही कलम होतं. अंध माणसाला सार्वजनिक ठिकाणी कुत्र्यासह येता येईल आणि कुत्र्याचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत.

मला या सगळ्या इतिहासातली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. हक्क कुत्र्याचा नाही. कुत्र्याला कुठेही जायचा हक्क कोणत्याच देशाने दिलेला नाही. हक्क माणसाचा आहे. माझ्या भावाने त्या रात्री कुत्र्याला नाकारलं असं त्याला वाटलं, मलाही वाटलं. कायद्याच्या नजरेत त्याने एका बाईला रस्त्यावर सोडलं होतं.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याच्या नियमांत एक बारीक पण सुंदर तरतूद आहे. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल तर दुकानदाराला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, कागद दाखवा, करून दाखवा, असं विचारता येत नाही. आमच्याकडे एका दाखल्यासाठी अपंगांना किती टेबलांपुढे उभं करतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या दोन प्रश्नांची किंमत कळेल.

ब्रिटनमध्ये सुरुवात १९३१ मध्ये झाली. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी गावी दोन बायकांनी, म्युरियल क्रुक आणि रोझमंड बाँड यांनी, चार जर्मन शेफर्ड माद्या तयार केल्या. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा. तालमीची जागा म्हणजे भाड्याने घेतलेलं एक गॅरेज. १९३४ मध्ये रीतसर संस्था झाली. पण टॅक्सीवाल्याने कुत्र्यासह अंध प्रवासी घेतलाच पाहिजे, असा कायदा यायला १९९५ उजाडलं, आणि ते कलम प्रत्यक्ष लागू झालं ३१ मार्च २००१ रोजी. तेही रस्त्यावरच्या टॅक्सींपुरतं. फोनवरून बोलावायच्या गाड्यांसाठी २००२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो ३१ मार्च २००४ पासून अमलात आला. कायद्याच्या व्याख्येत अंधांच्या कुत्र्याबरोबर बहिऱ्यांचा कुत्राही होता. पुढे २०१० च्या समानता कायद्यात हे सगळं एकत्र आलं. नकार दिला किंवा कुत्र्याचे जादा पैसे मागितले तर हजार पौंडांपर्यंत दंड.

माझ्या भावाला अड्ड्यावरच्या मंडळींनी सांगितलं होतं, “तो कायदा आपल्याला नाही, काळ्या टॅक्सीवाल्यांना आहे.” आणि गंमत अशी की, वर्षभरापूर्वीपर्यंत ते खरंही होतं.

या कायद्यात ड्रायव्हरलाही एक सूट आहे. दमा असेल, कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असेल, तर तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळतं, ते गाडीत दिसेल असं लावायचं आणि मग नकार देता येतो. सूट तब्येतीची आहे, धर्माची नाही. भावाचा राग नेमका इथे होता. छातीचा त्रास चालतो, ईमान चालत नाही? मलाही तेव्हा हा प्रश्न बिनतोड वाटला होता. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे, की दीनने हे करायला मनाई केली आहे. तशी मनाई आहे का?

मी मौलवी नाही, बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. इथे लिहितो ते प्रसिद्ध आहे, कोणत्याही आलिमाला विचारून पडताळता येईल. कुत्र्याच्या लाळेबद्दल सक्त हुकूम आहेत. त्याने भांड्यात तोंड घातलं तर भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने, ही हदीस सर्वांना माहीत असते. विनाकारण घरात कुत्रा पाळू नये, हेही माहीत असतं. पण त्याच हदिसांत शिकार, गुरं आणि शेत यांच्या राखणीचा कुत्रा वेगळा काढलेला आहे, हे वाक्य आपण घाईने वाचतो. कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्याने पकडून आणलेली शिकार हलाल सांगितली आहे. म्हणजे शिकवलेला कुत्रा आणि भटका कुत्रा यांतला फरक शरियतला चौदाशे वर्षांपासून ठाऊक आहे. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या नेक तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. आणि सहीह बुखारीत इब्न उमर (रजि.) यांची रिवायत आहे की, पैगंबर (स.) यांच्या काळात मशिदीत कुत्रे येत-जात आणि त्यापायी लोक पाणी शिंपडत नसत.

मसलकांत फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. मालिकी फिकहमध्ये जिवंत कुत्रा पाकच मानतात. हनफींकडे लाळ नापाक, अंग कोरडं असेल तर कपड्याला लागल्याने बिघडत नाही. शाफई फिकह सर्वांत कडक, तिथे कुत्रा अंगासकट नापाक. आता महाराष्ट्रातलं चित्र असं की, देशावरचे आम्हा मुसलमानांचे बहुतेक भाईबंद हनफी आणि आम्ही कोकणी शाफई. म्हणजे भावाच्या घरात लहानपणापासून जे शिकवलं गेलं ते याबाबतीत खरोखरच कडक होतं. त्याची घृणा खोटी नव्हती. पण शाफई फिकहमध्येही कोरड्याचा कोरड्याला स्पर्श झाला तर नापाकी लागत नाही, आणि ओली लागली तर धुण्याची रीत सांगितलेली आहे. नापाक असणं वेगळं आणि हराम असणं वेगळं. आपण घरातल्या तान्ह्या मुलाचे लंगोट दिवसातून दहा वेळा हाताळतो, मग धुऊन वुजू करतो आणि नमाजला उभे राहतो. कुणी मुलाला दाराबाहेर ठेवत नाही. गाडीच्या मागच्या जागेवर एक चादर टाकली की संपणारा मसला होता तो. ब्रिटनमधल्या शरिया कौन्सिलनेही मुस्लिम ड्रायव्हरांना हेच सांगितलं होतं, अंधांना त्यांच्या शिकवलेल्या कुत्र्यासह गाडीत घ्या.

मग २००८ मध्ये लेस्टर शहरातली घटना घडली. अठरा वर्षांचा एक अंध मुस्लिम विद्यार्थी. त्याला कुत्रा मिळाला, त्याच्यामुळे तो एकटा कॉलेजला जाऊ लागला. पण मशिदीत कसं जायचं? कुत्रा बाहेर रस्त्यावर बांधता येत नाही, आणि घरी ठेवला तर मशिदीपर्यंत न्यायला पुन्हा कुणाचा तरी हात शोधायचा. कुत्र्यांची संस्था, मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटन आणि शरिया कौन्सिल यांनी एकत्र बसून विचार केला आणि फतवा निघाला की, कुत्रा मशिदीच्या आवारात येऊ शकतो. नमाजच्या जागेत नाही. दाराजवळ त्याच्यासाठी वेगळी जागा केली, तिथे तो बसेल, मालक आत नमाज पढेल. लेस्टरच्या बिलाल मशिदीने ती जागा करून दिली. वर्तमानपत्रांनी ‘मशिदीत कुत्रा’ असे मथळे दिले. मला ती बातमी वाचताना सूरह कहफचा उंबरा आठवला.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं. अमेरिकेत मिशिगन राज्यात डिअरबर्न हे अरब मुसलमानांच्या मोठ्या वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका अंध मुस्लिम तरुणीच्या आईवडिलांना घरात कुत्रा नको होता. तिने वाद घातला नाही. ठेंगण्या जातीचा एक घोडा वाट दाखवायला शिकवून घेतला आणि त्याच्यासोबत बसने फिरू लागली. अमेरिकन सरकारने २०१० मध्ये नियम बदलून साहाय्यक प्राणी म्हणजे फक्त कुत्रा असं ठरवलं, तेव्हाही शिकवलेल्या ठेंगण्या घोड्याला, जागा आणि सोय पाहून, प्रवेश द्यावा अशी वेगळी तरतूद ठेवली. असे घोडे वापरणारे मोजकेच. तरी त्या मोजक्यांसाठी नियमात जागा ठेवली गेली.

फिकहच्या चर्चेत मला सारखे आठवत होते ते हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.). अंध सहाबी. सूरह अबसा त्यांच्या निमित्ताने उतरली, हे मदरशातल्या मुलालाही माहीत असतं. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात त्यांची एक अर्जी आहे. मी अंध आहे, घर लांब आहे, मला नेणारा आहे तोही माझ्या सोयीने येत नाही. घरी नमाज पढायची मला सवलत आहे का? पैगंबरांनी (स.) विचारलं, अजान ऐकू येते का? ते म्हणाले, येते. तर मग सवलत दिसत नाही, असं उत्तर मिळालं. आमच्याकडे ही हदीस जमातीची ताकीद म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला आता तिच्यात दुसरीही गोष्ट दिसते. त्या माणसाला ‘तू घरीच बस’ असं कुणी म्हटलं नाही. त्यांची जागा पहिल्या सफेत होती. ते मदिनेच्या मशिदीत अजान देत. पैगंबर (स.) मोहिमेवर गेले असता मदिनेत नमाज पढवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे असे.

नेणारा सोयीने येत नाही, ही तक्रार मला माझ्या घरातली वाटते. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ हाफिज होते आणि जन्मापासून अंध. गावात सगळे त्यांना हाफिजनाना म्हणत. फजरला त्यांना मशिदीत न्यायचं काम घरातल्या मुलांकडे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ते माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि आम्ही चिऱ्याच्या पाखाडीवरून खाली उतरत असू. पावसाळ्यात शेवाळाने पायऱ्या बुळबुळीत. माझी पाळी असली आणि झोप आवरली नाही की मी पांघरुणातच पडून राहायचो. हाफिजनाना वुजू करून, टोपी घालून पडवीत बसलेले असायचे. ते हाक मारत नसत. अजान व्हायची, इकामत व्हायची, त्यांना सगळं ऐकू यायचं. मग ते तिथेच मुसल्ला पसरायचे. तीस पारे पाठ असलेला माणूस जमातीला जाऊ शकला नाही, कारण एका पोराला झोप आली होती. आणि पाळी नेहमी माझीच नसायची, एक दिवसाआड फूफीच्या मुलाची असायची.

२००५ च्या त्या फोनवर आम्हा दोघांपैकी एकालाही हाफिजनाना आठवले नाहीत.

आता आपल्या देशाचं. भारतात असे कुत्रे अगदी थोडे. तालमीचा खर्च, उन्हाळा, चालायला पदपथ नाहीत, आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, ज्या या शिकवलेल्या कुत्र्याला गल्लीत टिकू देणार नाहीत. विमान वाहतुकीच्या नियमांत अंध प्रवाशाच्या कुत्र्याला स्थान आहे. पण दिव्यांग हक्क कायदा, २०१६, ज्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, त्यात या कुत्र्यांचं वेगळं कलम नाही. भेदभाव करू नये आणि वाजवी सोय करून द्यावी, एवढं तत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्व कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, त्यातही वाटाड्यांसारख्या जिवंत मदतीचा उल्लेख आहे. उद्या कुणी अंध नागरिक कुत्र्यासह एसटीत चढला आणि कंडक्टरने उतरवलं, तर वकिलाला या तत्त्वांवरच उभं राहावं लागेल. ब्रिटनमधला ड्रायव्हर दंड किती ते पाठ सांगू शकतो. आपल्या कंडक्टरला असा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नाही. आपल्याकडे अंधाला अजून माणूसच लागतो. मराठीत आंधळ्याची काठी म्हणतात, उर्दूत अंधे की लाठी, आणि दोन्हींचा अर्थ बहुधा एकुलता मुलगा असा होतो. दोन्ही भाषांनी ही जबाबदारी घरावर टाकून दिली, रस्त्यावर नाही.

या रमजानच्या आधी मी फूफीच्या मुलाला फोन केला. हे सगळं सांगितलं, माझा तेव्हाचा सल्ला चुकला होता हेही सांगितलं. तो हसला. म्हणाला, “भाई, ते कधीचं संपलं.” डिकीत एक जुनी चादर असते, कुत्रा असलेलं भाडं आलं की अंथरतो. एक म्हातारे गृहस्थ दर गुरुवारी त्यालाच बोलावतात. त्यांचा कुत्रा पायांशी बसतो, सीटवर येतही नाही. “इतकी वर्षं त्याची लाळ लागली नाही, भाई. माणसंच जास्त घाण करतात गाडीत.” मग थोडं थांबून त्याने विचारलं, “पाखाडीला कठडा बसवला का रे कुणी?”

बसवलेला नाही. गावात आता आणखी दोन वयस्क आहेत ज्यांना रात्री दिसत नाही, आणि बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेत जाणारा एक मुलगा, ज्याला खुतबा कुणी खुणांनी सांगत नाही. जमातीच्या बैठकीत मी कठड्याचा विषय काढला. पाखाडी ग्रामपंचायतीची की मशिदीची, यावर अर्धा तास गेला. खजिनदार म्हणाले, ईद होऊ दे, मग बघू. भावाने तिकडून पाइपाचे पैसे पाठवतो म्हटलंय. ईद झाली आहे. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा विषय काढणार आहे.